धोंडीभाऊंची घरातली लाइन

धोंडीभाऊंच्या घरी जायचं तर उंबऱ्याशी फाटक पडलेलं असे. वीतभर उंचीचं, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. ते ओलांडून आत गेलेला माणूस मी पाहिला नाही. डॉक्टर असोत की विरजण मागायला आलेली शेजारीण, सगळे बाहेर ताटकळत. मग आतून फुसफुसत एक टीचभर इंजिन यायचं, मागं डबे, आणि भाऊ ओरडायचे, "या आता! लाइन क्लियर!"

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. आमची भिंत एक, त्यामुळं त्यांची शिट्टी झाली की आमच्याकडं चहाचं आधण चढे.

भाऊ मावळातले. सगळी उमर घाटात वाफेची इंजिनं हाकण्यात गेलेली. घाटात विजेची इंजिनं आली तेव्हा साहेबानं सांगितलं, शिकून घ्या. भाऊ नोकरीच सोडून लोणावळ्यात घरी बसले. "ज्याला पानी न्हाई, कोळसा न्हाई, ते कसलं इंजिन? त्यो पंखा!" पुढं विजेची गाडी धडधडत गेली की भाऊ मान वर न करता म्हणत, "पंखा गेला."

घरात मात्र त्यांनी आख्खा घाट उभारला. मातीचे डोंगर, बोगदे, पूल. रूळ माजघरातून निघून चुलीला वळसा घालत. त्यांची बायको सखूमावशी हातात तापला तवा घेऊनही ते बिनचूक ओलांडायची. इंजिनाची बडदास्त जावयासारखी. रोज खोबरेल तेल, कोंबडीच्या पिसानं नळ्या साफ, चिंचेनं बॉयलर लख्ख. तुंगार्लीच्या एका बंगलेवाल्यानं त्यांना पुठ्ठ्याचे तुकडे जोडून स्टेशन करायचा विलायती संच दिला. भाऊंनी तो जोडला आणि छप्पर बघून भडकले. "ह्याच्यावर बर्फ काढलाय! हितल्या पावसात टिकंल व्हय ह्ये?" छप्पर चुलीत गेलं. त्या जागी मातीची नखाएवढी कौलं चढली.

बेचाळीस साली ठिकठिकाणी रूळ उखडले जाऊ लागले. कुणीतरी चहाडी केली की धोंडीभाऊंच्या घरात घाटाचा नकाशा आहे. फौजदार आले. फाटक पडलेलं.

"थांबा!" आतून आवाज आला.

फौजदार थांबले. गाडी गेल्यावर, आपण थांबलो कसे, याचाच त्यांना राग आला. "हे पूल, हे बोगदे, सगळं मोडून टाका. आत्ताच्या आत्ता!"

भाऊ रुळाच्या मधोमध मांडी घालून बसले. "रूळ उखडत्यात त्यांना तुमी बेड्या घालता. आन् मला म्हंता रूळ उखड? चळवळीची पोरं आलती, त्यांनाबी सांगितलं, तुमालाबी सांगतो. माज्या हातनं रूळ उखडायचा न्हाई. बेड्या घाला, चला."

गलका ऐकून मी धावत आलो होतो; घाबरून मध्ये पडलो. भाऊंनी मलाच दटावलं, "मास्तर, लाइनीवरनं बाजूला व्हा."

फौजदार गोंधळले. काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी चुलीजवळच्या एका लहानशा फलाटावर छडी ठेवली. तिथं पागोटं घातलेली एक लाकडी बाहुली उभी होती. "हे कुठलं स्टेशन? पाटी नाही."

भाऊंनी चुलीपुढं भाकऱ्या थापणाऱ्या सखूमावशीकडं पाहिलं, आवाज एकदम खाली आला. "स्टेशन न्हाई त्ये. हिचं माहेर. मळवलीच्या अंगाला, रुळाच्या कडंला. हिचा बा रोज तितं हुबा ऱ्हायचा, पोरगी बरी हाय का इचारायला. मी मेल घिऊन जायचो. मेल मधीच थांबवायची कशी? शिट्टी द्यायचो, म्हातारा हात वर करायचा. येक दिस त्यो दिसला न्हाई." त्यांनी फलाटाकडं बोट केलं. "हितं समद्या गाड्या थांबत्यात. मेलबी."

फौजदारांनी छडी उचलली, टोपी काढली. "किती वेळ थांबते?"

भाऊ रुळावरून उठले. पुढं होऊन त्यांनी वाफ सोडली. इंजिन वळसा घेऊन बाहुलीपाशी आलं आणि थांबलं. सखूमावशी पिठाच्या हातांनी चुलीपासून उठली, फलाटाजवळ येऊन उकिडवी बसली. बाहुलीचं कलतं पागोटं तिनं बोटानं सरळ केलं.

"सोडा आता," ती हळूच म्हणाली.

गाडी सुटली. फौजदार टोपी घालून निघून गेले, आणि मोडण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.