काचेच्या बाजूचा माणूस

"मी कुणाच्याच बाजूचा नाही," चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन बंटनच्या हनुवटीला फेस लावत ल्यूशस पेटिफर्ड म्हणाला. "मी काचेच्या बाजूचा आहे."

काच म्हणजे त्याच्या सलूनची दर्शनी काच. सगळ्या क्लेबर्न स्ट्रीटवर तेवढी मोठी काच दुसरी नव्हती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पेटिफर्ड. हात स्थिर, मन शांत.' आणि संध्याकाळी नेमका तिच्यासमोरून मोर्चा जाणार होता.

मोर्चा मिस अर्लीनच्या मुलासाठी होता. मार्क्विसच्या गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून पोलिसांनी त्याला थांबवलं होतं, आणि दिवा तसाच ठेवून त्याचा जबडा फोडला होता. जीव वाचला म्हणून अख्खी वस्ती देवाचे आभार मानत होती, आणि आभार मानून झाले की पोलिसांच्या नावाने बोटं मोडत होती.

"मोर्चा काढा, माझी ना नाही," डीकन फेसातून बोलला. "पण रीतसर काढा. आमच्या वेळी आम्ही सूट-टाय घालून चालायचो. पोलिसांनी मारलं तरी टाय सरळ."

"म्हणजे मार पडलाच ना?" दारातून आवाज आला. ल्यूशसची मुलगी रोशेल. मोर्चाची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. "मार पडणारच असेल तर डीकन, सूट कशाला खराब करायचा?"

"हीच भाषा. अशीच सुरुवात होते. आधी सूट जातो, मग दुकानांच्या काचा जातात."

"एक काच फुटणार नाही. आणि फुटलीच, तर काच नवी बसते. जबडा बसतो का?"

"बसतो. तारेने बांधतात."

"डॅडी, यांच्यावर वस्तरा जरा जोरात चालव."

असा वाद त्या सलूनमध्ये रोज चालायचा. लोक केस कापायच्या निमित्ताने यायचे आणि भांडून, हलके होऊन जायचे. ल्यूशस मधे पडायचा नाही. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याने मत ठेवू नये, असं त्याचं मत होतं.

"काचेवर फळी लावताना धरायला दोन पोरं पाठवू का?" जाताना रोशेलने विचारलं.

ल्यूशसने हात पुढे केला. "हा हात बघ. हलतोय?"

"नाही."

"मग पोरं तुझ्याकडेच ठेव."

डीकन गेल्यावर त्याने दुकान लवकर बंद केलं. रस्त्यावर इतर दुकानदारांनी दुपारीच फळ्या ठोकून घेतल्या होत्या आणि तेही घरी गेले होते. ल्यूशसने शिडी लावली, प्लायवूडची त्याच्याहून उंच फळी कवेत घेतली आणि वर चढला. तेवढ्यात तळ्याकडून वारा आला. फळीचं शीड झालं. ल्यूशसने फळी सोडायची की शिडी, याचा विचार केला आणि विचार पूर्ण व्हायच्या आत दोन्ही सोडलं. फळीचा कोपरा 'हात स्थिर'मधून आत गेला.

उरली फक्त कडेची टोकं आणि 'शांत'.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याने आतल्या काचा गोळा केल्या, आतून पडदा सोडला, आणि बाहेरून त्या भगदाडावर स्क्रूने फळी बसवली. आयुष्यात त्याने इतकी सुबक फळी बसवली नव्हती. सगळ्यांसारखंच तिच्यावर रंगाने लिहिलं, 'काळ्या माणसाचं दुकान. आम्ही तुमच्यासोबत.' सोमवारी गुपचूप नवी काच बसवू, कुणाला कळणार नाही, असा त्याचा बेत होता. कळून चालणार नव्हतं. ज्याच्या हातून फळी सुटते त्याच्या वस्तऱ्याखाली गळा कोण देणार?

मोर्चा झाला. गाणी झाली, भाषणं झाली, मुलांनी जाताना रस्त्यावरचे कागदसुद्धा उचलले. कशालाही धक्का लागला नाही.

शनिवारी सकाळी डीकन पेचकस घेऊनच आला. दाढी कालच झाली होती, पण वाद अर्धा राहिला होता.

"झालं शांततेत. मान्य करतो," तो म्हणाला. "आता काढ ती फळी. आत भुयार झालंय."

"राहू दे ना. अंधारात केस छान कापले जातात."

"माझा कान जाईल." डीकनने स्क्रू काढायला घेतले. खुर्चीवरचं गिऱ्हाईक उठून मदतीला गेलं. फळी बाजूला झाली आणि काचेचा शेवटचा तुकडा, 'शांत'सकट, डीकनच्या बुटांवर पडून फुटला.

डीकनच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दुःख आणि वाद जिंकल्याचं समाधान पसरलं. दुःख वर होतं, पण फार वेळ टिकेलसं वाटत नव्हतं.

"बघितलंस? काळ्या माणसाचं दुकान असं लिहूनसुद्धा?"

"पण डीकन," ल्यूशस चाचरत म्हणाला, "फळी तर शाबूत होती."

"तेच तर. आधी फळी काढली, मग काच फोडली, मग फळी परत बसवली. काय संघटना आहे यांची."

बातमी रोशेलपर्यंत पोचली आणि ती धावत आली. फळीकडे बघितलं, भगदाडाकडे बघितलं. "हे आमचं काम नाही. काल पोलिसांनी तो मोठा भोंगा वाजवला होता ना? आवाज लाकडातून जातो आणि काचेला बाधतो."

"आवाजाने काच फुटत असती," डीकन म्हणाला, "तर आपल्या चर्चला एक खिडकी उरली नसती. आपला गाणारा कॉयर ऐकलायस ना?"

"बरं, मग हेलिकॉप्टर. वरून हादरे आले असतील."

"रोशेल," ल्यूशस म्हणाला, "मला जरा..."

"डॅडी, तू बस. तुला धक्का बसलाय."

खुर्चीतलं गिऱ्हाईक परत येऊन बसलं होतं, मान मागे टाकून, गळा उघडा करून. ल्यूशसने त्या गळ्याकडे पाहिलं, हातातल्या वस्तऱ्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. ही त्याची पहिली चूक नव्हती, पण महागातली होती.

कारण मग टीव्हीवाली आली. दुपारच्या बातम्यांत सगळ्या शहराने क्लेबर्न स्ट्रीटचं भगदाड पाहिलं. 'मोर्चा शांततेत, मात्र एका सलूनला हिंसेची झळ.' त्यामागोमाग जेवण आलं. चर्चमधल्या बायकांनी तळलेलं चिकन आणलं, मॅकरोनी आणली, कोलार्डची भाजी आणली. मोर्चातली मुलं माफी मागायला आली. "आम्ही फोडली नाही, अंकल, पण आमच्यातल्या कुणी फोडली असेल तर सॉरी." त्यांनी दुकान झाडून काढलं. शेजारच्या लाँड्रीवाल्याने बसायला दिवाण पाठवला. ल्यूशस सगळ्यांचे आभार मानत होता आणि खात होता. प्रत्येक घासाबरोबर खरं बोलणं आणखी खाली जात होतं.

चारच्या सुमाराला मागच्या दाराने सार्जंट ब्रँट आत आला. गोरा, उंच, आणि आपण इथे नको आहोत हे चांगलं माहीत असलेला माणूस. टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

"मिस्टर पेटिफर्ड, आपल्या दोघांतच ठेवा. काल आमचा एक नवा पोरगा तुमच्या दारात ढाल घेऊन उभा होता. ढाल लागली असेल. मी विचारलं, तर म्हणतो आठवत नाही."

"फळीवरून ढाल लागून आतली काच फुटली?"

"मलाही पटत नाही. पण आमची ढाल कुठे काय करेल सांगता येत नाही."

"त्या पोराचा काही दोष नाही, सार्जंट."

"तुम्ही मोठ्या मनाचे आहात." ब्रँटने टोपी गोल फिरवली. "दुसरी गोष्ट वाईट आहे. कॅप्टनने टीव्ही बघितला. उद्याच्या दुसऱ्या मोर्चाची परवानगी थांबवलीय. हिंसा करणारा सापडेपर्यंत मोर्चा नाही म्हणतो."

"उद्याच्या?"

"सकाळी चर्चमध्ये येऊन मलाच सांगायचंय. मला काय हौस आहे का?"

तो गेला तसा ल्यूशस दिवाणावर बसला. पुढच्या दाराने मिस अर्लीन आली. हॉस्पिटलला निघाली होती, हातात फडक्यात गुंडाळलेलं गोडाचं भांडं.

"पीच कॉब्लर आहे. गरम आहे तोवर खा."

"मिस अर्लीन, तुमच्या घरी एवढं दुखणं असताना तुम्ही माझ्यासाठी..."

"दुखणं हळूहळू जातंय रे. काल मार्क्विसने नळीने सूप घेतलं. स्वतःच्या हाताने धरून. देवाची मेहेरबानी." ती हसली. "उद्याचा मोर्चा हॉस्पिटलवरून जाणार आहे ना? नर्सला सांगून त्याने खाट खिडकीशी लावून घेतलीय. बोलता येत नाही, तर पाटीवर लिहून विचारतो, किती लोक येतील?"

ल्यूशसने उचललेला पीचचा तुकडा भांड्यात परत ठेवला.

"काही म्हणालास का?" मिस अर्लीनने विचारलं.

"नाही."

"काही असलं तर सांगावं, बाळा. मन हलकं होतं." ती बसच्या वेळेला निघून गेली.

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. मागच्या दाराशी सार्जंट ब्रँट टोपी फिरवत उभा होता. वाईट बातमी सांगायची वेळ शोधत होता. साक्ष द्यायची वेळ आली. ज्याला देवाचे आभार मानायचेत त्याने उभं राहून सांगायचं. एकीने गुडघा बरा झाल्याचं सांगितलं, एकाने नोकरी लागल्याचं. मग ल्यूशस उठला. त्याचे हात थरथरत होते, आणि ते लपवायला खिसे पुरत नव्हते.

"साक्ष द्यायचीय," तो म्हणाला. "माझ्या दुकानाची काच मोर्चाने फोडली नाही. पोलिसांनीही फोडली नाही. मी फोडली."

रोशेलने तोंडावर हात ठेवला.

"शुक्रवारी मी एकटाच फळी लावत होतो. शिडीवर चढलो. वारा आला..."

"वारा," पास्टर हळूच म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "ऐकलंत? वारा आला. आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात वारा येतो."

"आमेन," पहिल्या रांगेतून आलं.

"नाही, म्हणजे खराखुरा वारा. तळ्यावरचा. फळी हातातून सुटली..."

"आणि आपल्यापैकी कुणाच्या हातून फळी सुटली नाही?" पास्टरने विचारलं.

"आमेन," सगळ्या चर्चमधून आलं. ऑर्गनवाल्याने सूर धरला.

"पास्टर, मी प्लायवूडबद्दल बोलतोय."

डीकन बंटन उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "भावांनो, बहिणींनो," तो म्हणाला, "या माणसाची काच गेली. कुणी फोडली मला माहीत आहे, म्हणजे कालपर्यंत माहीत होतं. पण पोरांच्या मोर्चाला डाग लागू नये म्हणून तो सगळा दोष स्वतःवर घेतोय. आणि मी म्हातारा दोन दिवस त्या काचेवर भांडत बसलो. मला लाज वाटते."

"डीकन, दोष माझाच आहे हो," ल्यूशस काकुळतीला येऊन म्हणाला.

"बघा. अजून घेतोय."

सगळं चर्च उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. गाणं सुरू झालं. कुणीतरी ल्यूशसला मिठी मारली, मग आणखी कुणीतरी. रोशेल रडत त्याच्या गळ्यात पडली. "डॅडी, आमच्यासाठी तू चर्चमध्ये खोटं बोललास."

"अगं, आयुष्यात पहिल्यांदा इतकं खरं बोललो."

"हो हो," ती त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "खरंच आहे ते."

मागच्या दारात सार्जंट ब्रँट फोनवर होता. "हो, कॅप्टन. खुद्द मालकाने कबूल केलंय. सगळ्यांसमोर. नाही सर, माझाही विश्वास नाही. पण कबुली म्हणजे कबुली. ती मिळाली की आपण पुढे कधी विचारतो का?" थोडा वेळ तो नुसता ऐकत राहिला. "गुन्हा कसला लावणार, सर? काच त्याचीच आहे." मग त्याने फोन खिशात टाकला, टोपी डोक्यावर चढवली, आणि अंगठा वर करून रोशेलला होकाराची खूण केली.

मोर्चा निघाला. डीकन सूट-टाय घालून पहिल्या रांगेत होता आणि मागच्या पोरांना रांग सरळ ठेवायला सांगत होता. पोरं ऐकत नव्हती, पण हसत होती. ब्रँट चौकातल्या गाड्या अडवत होता. हॉस्पिटलसमोर सगळे थांबले. वरच्या एका खिडकीत पाटी वर झाली. अक्षरं खालून नीट दिसत नव्हती. रोशेलने डोळे बारीक करून वाचली. "थँक्यू लिहिलंय," ती म्हणाली, "आणि खाली, आणखी थोडं डावीकडे सरका, झाड मधे येतंय."

सगळा मोर्चा डावीकडे सरकला.

ल्यूशस मिस अर्लीनच्या शेजारी उभा होता. ती खिडकीकडे हात हलवत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "शुक्रवारी मी समोरच्या बसथांब्यावर बसले होते. छपराच्या आत. तुला दिसले नसेन."

"म्हणजे तुम्ही पाहिलंत?"

"शिडी पडताना, फळी जाताना, तू खालून उठताना. सगळं."

"मग बोलला का नाहीत? मोर्चा रद्द होणार होता तुमचा."

"तू उठला नसतास तर तुझ्यामागोमाग मीच उठणार होते." तिने हात खाली घेतला. "माझ्या पोराला मारत होते तेव्हा रस्त्यावर कितीतरी लोक उभे होते, ल्यूशस. सगळ्यांनी पाहिलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा एकानेही पाहिलं नव्हतं. म्हटलं, या गल्लीत स्वतःहून खरी साक्ष देणारा एक तरी माणूस आहे का, बघू तरी. कुणी विश्वास ठेवला नाही ती गोष्ट वेगळी. मी ठेवला. थँक्यू."

ल्यूशसने मान हलवली. उद्या सकाळी तिच्या पोराचे केस कापायला वस्तरा घेऊन हॉस्पिटलला यायचं, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि त्याच्या हाताची थरथर थांबली.

"एकच," मिस अर्लीन पुढे चालायला लागत म्हणाली. "शिडीवरून पडताना तू जे बोललास ना, रस्त्यापलीकडे अगदी स्वच्छ ऐकू आलं मला. साक्षीत तेवढं बरं गाळलंस. पास्टरला त्याचं काही करता आलं नसतं."