आकारामने रस्सा नाकारला त्याची हकीकत

माणूस जन्माला आला की त्याचे नाव आत्या ठेवते, जावळ मामाच्या मांडीवर निघते आणि पोट सर्व नातेवाइकांच्या सामाईक मालकीचे होते. पहिल्या दोन गोष्टी एकदाच होतात. तिसरीचा अंमल मरेपर्यंत चालतो, आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंतची गडबड लक्षात घेतली तर मेल्यावरही काही दिवस.

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ही व्यवस्था फार सुरळीत चालली होती. १९४६च्या मार्चात लान्स नाईक आकाराम ब्रह्मदेशातून दोन हात, दोन पाय आणि एक बिल्ला घेऊन सुखरूप परत आला आणि पहिल्याच जेवणाला "मटान नगं" म्हणाला. महायुद्धाची झळ आमच्या गावाला खऱ्या अर्थाने तेव्हा लागली.

मी या गावातला लोकल बोर्डाचा मास्तर. आकारामचे वडील नाथाजी यांनी घरात चौकशी बसवली तेव्हा टिपण ठेवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी तटस्थ होतो. (दर बैठकीला जेवण होते.) पुढील माहिती त्या टिपणावरून दिली आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की आमचे गाव कोणावर जबरदस्ती करीत नाही. मटण न खाणाऱ्याला आम्ही मान देतो, फक्त त्याच्या गळ्यात तुळशीची माळ पाहिजे. माळ असली की त्याला वाकून नमस्कार होतो आणि त्याच्या वाटणीच्या फोडी शेजारच्या ताटात जातात. आकारामच्या गळ्यात माळ नव्हती, अंगात ताप नव्हता आणि सोवळे तर आमच्या गल्लीला ठाऊकच नव्हते. विनापरवाना मटण सोडणारा इसम गावाने प्रथमच पाहिला.

आत्याबाई धोंडुबाई यांनी पहिला उपाय सुचवला. त्या म्हणाल्या, "आवं, फोडी नगं तर नगं. नुसता रस्सा घिऊ द्या की."

आमच्या भागात रस्सा हा पदार्थ शाकाहारी समजला जातो. पातेल्यात बोकड असतो, हे मान्य. पण वाढताना पळी वरच्यावर फिरवली आणि वाटीत हाड आले नाही, तर त्या रश्श्याचा बोकडाशी काही संबंध राहत नाही. या सिद्धांतावर आजवर कित्येक आजारी माणसे आणि सासुरवाशिणी तरून गेल्या आहेत. आकारामने वाटी बघितली, नमस्कार केला आणि परत सारली.

मग औषध म्हणून आळणी, म्हणजे बिनमसाल्याचे मटणाचे पाणी, दिले. तेही गेले. मग भरल्या वांग्यात खिमा भरला, वर दाण्याचा कूट लावला आणि वांग्याचे देठ तसेच ठेवून पुरावा पक्का केला. आकारामने वांगे नाकाजवळ नेले, ताटात ठेवले, हात धुतले आणि गोठ्याकडे गेला. शिवी दिली नाही की ताट आपटले नाही. त्याने निदान आरडाओरडा केला असता तर घरच्यांना समजूत तरी घालता आली असती.

टिपणात नोंदलेल्या एकंदर सत्तावीस जेवणांत त्याने भाकरी, कांदा, दही आणि खरडा एवढेच घेतले. घरात त्याला उपोषण म्हणत. हा उपोषण करणारा रोज साडेचार भाकरी खाई, ही गोष्ट मी टिपणात आणली. पण ती कामकाजातून वगळण्यात आली.

कारणांबद्दल गावातून एकूण एकेचाळीस मते आली. एकोणीस जणांचे मत, ब्रह्मदेशात कुणा बाईने त्याला काहीतरी चारले. अकरा जण म्हणाले, पोटात गोळा आहे. सात जणांना तो काँग्रेसचा झाल्याचा संशय होता. तिघांच्या मते पलटणीतल्या डब्यातल्या खाण्याने त्याला घरचे गोड लागत नव्हते. उरलेला एक मानसिंग पैलवान. त्याने इतकेच विचारले की त्याचा वाटा सध्या कोण खातो. खुद्द आकारामला कारण विचारणाऱ्यांची संख्या शून्य होती. घरच्या माणसाला असले प्रश्न विचारणे बरे दिसत नाही.

हे सगळे हसण्यावारी गेले असते, पण मध्ये म्हसोबा होता.

दोन वर्षांपूर्वी आकारामची पत्रे अकरा आठवडे बंद झाली होती. शेजारच्या गावात तारा येत होत्या. तेव्हा त्याची आई राहीबाई उसाच्या कडेच्या म्हसोबाला गेली आणि पदर पसरून म्हणाली की पोरगं जित्तं घरला येऊ दे, तुला बोकड देते. पोरगं आलं. आता आमच्याकडची चाल अशी की नवस ज्याच्यासाठी बोलला, त्याने देवापुढे पहिला घास खायचा. तो घास पोटात गेल्याशिवाय नवस फिटत नाही, आणि न फिटलेला नवस देव दिलेली वस्तू परत घेऊन वसूल करतो. हे राहीबाई कोणाला बोलून दाखवत नसे. पण आकाराम शिंकला तरी ती हातातले काम टाकून उसाकडे बघे. मुलगा मरणातून आला होता आणि भाकरी-कांदा खाऊन पुन्हा मरणाकडे चालला होता, अशी तिची खात्री होती. ती बाई चार महिन्यांत निम्मी झाली.

नाथाजी सल्ल्यासाठी सांगलीला गावभागात विष्णुपंत वकिलांकडे गेले. वकिलांच्या घरात सात पिढ्या कोणी मटण खाल्ले नव्हते. तेव्हा या रोगाची माहिती त्यांनाच जास्त असणार, हा विचार बरोबरच होता. मीही गेलो.

विष्णुपंतांनी सगळे ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला. "नाथाजीराव, तुमचं बरं आहे हो. आमचा पुतण्या गोपाळकृष्ण पुण्याहून अंडी खायला शिकून आलाय. डॉक्टरांनी टॉनिक म्हणून सांगितलीत म्हणतो. मागच्या अंगणात स्टोव्ह दिलाय त्याला वेगळा. त्याची आजी आठ दिवस त्याच्याशी बोललेली नाही."

दोन्ही घरांतले दुःख मोजून पाहिले असता सारखेच भरले, म्हणून चहा झाला. निघताना विष्णुपंत हसत म्हणाले, "महिनाभर पोरांची अदलाबदल करू या. तुमचा इथं वरणभात खाईल, आमचा तिथं बोकड."

वकील बोलला की तो कायदा असतो, या समजुतीने नाथाजींनी ही तोड घरी येऊन जशीच्या तशी मांडली. राहीबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "वकिलाचा पोरगा खाईल की. पर म्हसोबाला ठावं हाय कोन कुनाचं त्ये."

मग गुरवाला बोलावले. नवसाच्या बोकडाची मुंडी गुरवाची असते, त्यामुळे बोकड पडलाच पाहिजे या बाबतीत त्याचे मत ठाम होते. बाकी बाबतीत तो उदार होता. पलटणीत रजेवर गेलेल्याच्या जागी बदली माणूस उभा राहतो, तसा घासालाही बदली चालेल, असा त्याने निर्णय दिला. आकारामचे मामा केरबा ताबडतोब बदली उभे राहिले. यावर धोंडुबाईंनी हरकत घेतली की घास केरबाने खाल्ला तर देव राखणही केरबाची करील, आणि भाच्याचे आयुष्य मामाला लागेल. केरबांचे वय अठ्ठावन्न होते. त्यांची या गोष्टीला काही हरकत नव्हती.

नाथाजींनी बदली नामंजूर केली आणि आषाढातल्या मंगळवारचा दिवस धरला. लग्नाचे असते तसे आमंत्रण फिरले. एकशे चाळीस पाने म्हसोबापुढे मांडली. पहिली पत्रावळ आकारामची. तीत भाकरी, भात आणि मधोमध काळजाची एकच फोड. निम्मा गाव उपाशी होता, कारण पहिल्या घासाआधी कोणी जेवायचे नाही असा नियम आहे. रश्श्याचा वास सुटलेला आणि एकशे एकोणचाळीस माणसे एका हाताकडे बघताहेत.

हात उठला, फोडीपर्यंत गेला आणि तिथेच अडला. जपान्यांपुढे उभा राहिलेला गडी होता तो.

राहीबाई त्याच्यासमोर येऊन मातीत बसली. चौकशीच्या एकशे सहाव्या दिवशी एका माणसाला प्रश्न सुचला.

"का रं, बाळा?"

आकारामने फोडीवरची नजर काढली नाही. "आये, माज्याकडं खेचर हुतं. चिंधी म्हनायचो तिला. दोन साल दारूगोळा वाह्यला तिनं. मग वाट बंद झाली, रेशन संपलं. साहेब म्हनला, एक खेचर कापा. कंचं, ते माज्यावर सोडलं. चिंधी म्हातारी झालती, तिला वझं झेपंना. दावं मीच धरलं. मीठ गावंल म्हनून हात चाटत हुती माजा."

मग आवाज उतरवून म्हणाला,

"आनि आये, मी खाल्लं. दुसऱ्यांदा मागून घेतलं. लय भूक लागलती. तवापासनं फोड बघितली की हाताला ती जीभ लागती."

उसात वारा नव्हता. राहीबाईने त्याचा हात फोडीवरून उचलला, पदराने पुसला आणि उठून म्हसोबापुढे उभी राहिली. तिने हातही जोडले नाहीत.

"देवा, मी जित्तं पोरगं मागितलं, तू दिलंस. त्यानं काय खावं ह्ये मी बोलले न्हवते आन् तू बी इचारलं न्हवतंस. बोकड तुजा, पोरगं माजं. आता ह्याच्या वाटंला जायचं न्हाई."

एवढे बोलून तिने ती फोड पत्रावळीतून उचलली, म्हसोबाच्या पायाशी ठेवली आणि मुलाच्या शेजारी बसून त्याला कांदा फोडून दिला. अक्षर न येणाऱ्या त्या बाईने नवसाचे कलम असे लावले की विष्णुपंतांनी पाय धरावेत. मला तिचा अभिमान वाटला, आणि टिपणाची वही हातात असल्याची लाज वाटली. गुरवाने नियम आठवून पाहिले. विरुद्ध असा एकही सापडला नाही. मुंडी त्याच्याकडे पोचलेली होती.

मग पंगत बसली. सगळे गहिवरले होते. कित्येक जण डोळे डाव्या हाताने पुसत होते, कारण उजवा रश्श्यात होता. केरबा मामा तर हुंदके देत नळी फोडत होते. मी दोनच वाट्या घेतल्या. धोंडुबाई आत्या स्वतः पातेले घेऊन आकारामपाशी आल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सोनं हाईस रं माजं. जीवाला लावून घिऊ नगं. उलिसा रस्सा घे."

ही हकीकत मी आजवर चौदा जणांना सांगितली आहे. सगळ्यांना त्या मुक्या जनावराचे आणि आकारामचे फार वाईट वाटले. पैकी अकरा जणांनी सुस्कारा सोडून झाल्यावर विचारले, "का हो मास्तर, खेचराचं मटण लागतं कसं?"

उरलेल्या तिघांनी विचारले नाही. ते शिकलेले होते. नुसते माझ्या तोंडाकडे बघत, मी आपणहून सांगेन म्हणून थांबून राहिले. तुम्हीही शिकलेले दिसता.