गुंडीची घुरघुर

गुंडीचं नाक सकाळी वाहायला लागलं आणि दुपारपर्यंत घरात दोन पक्ष पडले. एक पक्ष आईचा. तिचं म्हणणं, डॉक्टरांकडे जावं. दुसरा पक्ष आजोबांचा, म्हणजे आप्पांचा. त्यांचं म्हणणं, नाक आहे तर ते वाहणारच. गुंडीचे वडील गॅरेजमधून जेवायला घरी आले तेव्हा दोन्ही पक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांना आल्या पावली परत जावंसं वाटलं.

गुंडी आठ महिन्यांची. शर्टाच्या गुंडीएवढं नाक, म्हणून हे नाव पडलं. एवढ्याशा नाकातून एवढं पाणी येतं कुठून, हा प्रश्न तिन्ही मोठ्या माणसांना पडला होता. गुंडीला मात्र कसलाच प्रश्न पडला नव्हता. ती आप्पांच्या पायातला मोजा ओढण्यात दंग होती.

"माझ्या मैदानावर कुणाची शिंकायची टाप नव्हती," आप्पा म्हणाले. आप्पा शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त झाले, तरी त्यांची शिटी अजून खुंटीला लटकत होती. "सर्दी म्हणजे दुसरं काही नाही, शिस्तीचा अभाव. मी जन्मात डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही."

"आप्पा, तिला अजून बसता येत नाही धड. शिस्त कसली लावताय?" गुंडीची आई म्हणाली.

खरी अडचण आप्पांची नव्हती. खरी अडचण अशी होती की, गुंडीला घेऊन ही मंडळी दोनदा लहान मुलांच्या डॉक्टरांकडे धावली होती आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आली होती. पहिल्यांदा तिच्या कपाळावर लाल चट्टा उठला होता. तो टोपीच्या विणीचा ठसा निघाला. दुसऱ्यांदा ती सारखी खोकत होती. डॉक्टरांसमोरही खोकली, मग सगळ्यांकडे बघून हसली आणि परत खोकली. "खोकलं की तुम्ही धावत येता, हे कळलंय तिला," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. बाहेर टेबलाशी बसणाऱ्या ताईंनी जाताना "या हं परत" असं काही गोड आवाजात म्हटलं, की गुंडीची आई रिक्षाची वाट न बघता तरातरा चालत घरी आली होती.

तेव्हा डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं होतं. नुसती सर्दी झाली म्हणून घाबरू नका. दूध पिते ना, खेळते ना, लंगोट ओले होतात ना, एवढं बघा. पण श्वास फार भरभर चालला, श्वास घेताना बरगड्यांच्या मध्ये खड्डे पडायला लागले, खाणंपिणं सुटलं, ताप आला किंवा बाळ मलूल होऊन नुसतं झोपून राहिलं, तर एक मिनिट थांबू नका. गुंडीच्या आईला हे सगळं तोंडपाठ होतं. आता पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं, आणि उशीरही करायचा नव्हता. या दोन भीतींच्या मध्ये तिचा जीव टांगणीला लागला होता.

"आधी तपासू आपण," ती नवऱ्याला म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, त्यामुळे तपासण्याची तिची एक ठरलेली पद्धत होती. "हिचा श्वास बघ. आता बरा वाटतोय, का मघाशी बरा होता? आता... का मघाशी?"

"दोन्ही सारखेच वाटतायत."

"नीट बघ. आता... का मघाशी?"

"अगं, मला कसं कळणार? बाळाचा चांगला श्वास कसा असतो, तेच मला माहीत नाही." गुंडीच्या वडिलांनी कान खाजवला. मग त्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला. "गॅरेजमध्ये आम्ही काय करतो, एखाद्या गाडीचं काय बिघडलंय ते कळेना, की शेजारी एक चांगली गाडी उभी करतो. दोन्ही चालू करायच्या आणि फरक बघायचा."

"चांगली गाडी आणायची कुठून? मला सर्दी झालीय, तूही सकाळपासून शिंकतोयस."

दोघांनी एकदमच आप्पांकडे पाहिलं. घरातला एकमेव न शिंकणारा माणूस तोच होता. जन्मात आजारी न पडलेला. आप्पांनी छाती पुढे काढली आणि गुंडीशेजारी पलंगावर जाऊन आडवे झाले.

तपासणी सुरू झाली. गुंडीचा श्वास भरभर चालला होता, तो तिच्या आईने दोनदा मोजून पाहिला. मग तिने आप्पांच्या छातीवर हात ठेवला. "अरे, आप्पांचाही एवढाच भरभर चाललाय!" ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. पुढे खड्ड्यांचा मुद्दा आला. गुंडी इतकी गुबगुबीत होती की बरगड्याच सापडेनात. निदान खड्डे दिसतात तरी कसे हे कळावं, म्हणून आप्पांचा सदरा वर केला. प्रत्येक श्वासाला त्यांच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

"खड्डे म्हणजे असेच का गं?" गुंडीच्या वडिलांनी विचारलं.

"हे खड्डे नाहीत," आप्पा कडाडले, आणि कडाडताना त्यांना खोकला आला. "ही व्यायामाची शरीरयष्टी आहे. आणि खोकल्याकडे लक्ष देऊ नका. जन्मभर शिटी फुंकलीय, त्याचा आहे तो."

निकाल लागला. चांगल्या गाडीसारखंच सगळं होतं, त्यामुळे गुंडी ठीक होती. ती पोटभर दूध प्यायली. आप्पांनी मात्र ताटातलं अर्धं जेवण तसंच सोडलं आणि म्हणाले, "या वयात कमीच खावं." ते कुणाला वावगं वाटलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी गुंडीचे वडील घरी आले, तेव्हा आतल्या खोलीतून एक आवाज ऐकू येत होता. घर्रर्र, घर्रर्र, आणि शेवटी एक बारीक सूंऽऽ. ते दारातच थबकले. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिला काय झालंय ते सांगणारा हा माणूस. सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं की असाच आवाज येतो, हे त्यांनी लगेच ओळखलं. पलंगावर गुंडी आणि आप्पा शेजारी शेजारी गाढ झोपले होते. आप्पांचं घोरणं त्यांना लहानपणापासून पाठ होतं. ते कडक आणि तालात असायचं, अगदी कवायतीसारखं. हा आवाज तसला नव्हता. म्हणजे तो गुंडीचा होता.

ते पुढे होऊन तिच्यावर वाकले. तेवढ्यात आप्पांनी कूस बदलली आणि आवाज बंद झाला.

"हेच! हेच होतं नेहमी," ते बाहेर येऊन बायकोला म्हणाले. "गिऱ्हाईक सांगतं गाडी आवाज करते, आणि गॅरेजमध्ये आणली की गाडी गप्प. डॉक्टरांकडे नेली की ही हसत सुटणार. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, आवाज आला की मोबाइलवर घ्या आणि तो ऐकवा."

त्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून तो हळूच दोघांच्या मधल्या उशीवर ठेवला आणि चवड्यांवर चालत बाहेर आले. थोड्या वेळाने जाऊन तो उचलला आणि नवराबायकोने कान लावून ऐकलं. गुंडीच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तो आवाज तडक डॉक्टरबाईंना पाठवून दिला.

लगेच फोन आला. "आत्ताच्या आत्ता घेऊन या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दवाखाना बंद आहे, पण आम्ही थांबतो. झोपलीय का? हाक मारल्यावर उठते का?"

गुंडी पहिल्याच हाकेला उठली. उठायला तयार नव्हते ते आप्पा. त्यांना दोनतीनदा हलवावं लागलं. "दमलेत बिचारे तिला खेळवून," गुंडीची आई म्हणाली. पण काय झालंय ते कळताच आप्पा चपला घालून सगळ्यांच्या आधी दारात उभे राहिले. डॉक्टरांच्या नावाने रागावायचंही विसरले. रिक्षात ते गुंडीचा हात धरून बसले होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी शेजारीच होतो रे. मला कसं कळलं नाही?"

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. "द्या तिला माझ्याकडे," म्हणत आप्पांनी गुंडीला घेतलं आणि अर्ध्या जिन्यावर थांबून मुलाच्या हातात परत दिलं. टेबलाशी बसणाऱ्या ताई आज हसल्या नाहीत. त्यांनी धावत येऊन आतलं दार उघडलं, आणि त्यांना धावताना पाहून गुंडीची आईही धावतच आत गेली.

डॉक्टरबाईंनी गुंडीला टेबलावर झोपवलं. गुंडी हसली. मग त्यांनी पुढून तपासलं, मागून तपासलं, कान पाहिले, घसा पाहिला. गुंडीने त्यांच्या स्टेथोस्कोपला लावलेलं कापडी अस्वल तोंडात घातलं.

"हिची छाती एकदम साफ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. "सर्दी आहे, ती जाईल आपोआप. पण मग तो आवाज? परत लावा बघू."

गुंडीच्या वडिलांनी मोबाइल टेबलावर ठेवला. घर्रर्र, घर्रर्र, सूंऽऽ. सगळे कान देऊन ऐकत राहिले. थोड्या वेळाने रेकॉर्डिंग संपलं, पण आवाज काही संपला नाही.

सगळ्यांच्या माना हळूहळू वळल्या. कोपऱ्यात पोरांसाठी ठेवलेल्या पिवळ्या बुटक्या खुर्चीवर आप्पा बसले होते. गुडघे छातीशी आलेले, डोळे अर्धवट मिटलेले.

"आजोबा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "सदरा वर करा."

"मी? मी पेशंटचा आजोबा आहे."

"मला दिसतंय ते. सदरा वर करा." त्यांनी अस्वलासकट स्टेथोस्कोप आप्पांच्या पाठीला लावला आणि बराच वेळ ऐकलं. कपाळाला हात लावून पाहिला. "तापही आहे की अंगात. जेवतायत का हे?"

"अर्धं टाकतायत," गुंडीची आई म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. "आणि दुपारभर झोपतायत. पूर्वी कधी झोपायचे नाहीत. श्वास तर काल आम्ही बघितला होता, अगदी गुंडीइतकाच भरभर..."

"बाळाचा श्वास भरभरच असतो हो. मोठ्या माणसाचा तितका नसतो. खड्डे?"

"आहेत," गुंडीचे वडील म्हणाले. "आम्ही हिला तपासायला ह्यांनाच चांगली गाडी धरली होती."

डॉक्टरबाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाल्या, "मी सांगितलेली सगळी लक्षणं तुम्ही अचूक ओळखलीत. फक्त माणूस चुकलात. ह्यांना आत्ता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, मी फोन करून ठेवते."

"मी ठणठणीत आहे," आप्पा म्हणाले आणि उठायला गेले. ते खुर्चीत अडकले होते. खुर्ची त्यांच्याबरोबर वर आली.

एरवी गुंडीचे वडील पोट धरून हसले असते. त्यांना हसू आलं नाही. वाटेल त्याच्या गाडीची कुरकुर आपल्याला कळते आणि बापाच्या छातीतली कळली नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. भीतीही वाटली. त्यांनी वाकून खुर्ची सोडवली. "आप्पा, चला ना," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांनी बापाचा वर गेलेला सदरा सारखा केला.

आप्पांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांची ताठ मान जरा सैल झाली. "बरं," ते म्हणाले, "चल. पण मला उचलायचं नाही. मी चालत येणार."

छातीत चांगलाच संसर्ग झाला होता. वेळेवर आणलंत, असं मोठ्यांचे डॉक्टर म्हणाले. आप्पांना तिथे ठेवून घेतलं, सलाइन लावलं, आणि पुढच्या आठवड्यात ते औषधांची पिशवी घेऊन घरी परतले. तोवर गुंडीची सर्दी कुणी लक्ष न देताच निघून गेली होती.

आता घरात सगळे प्रश्न आप्पांना विचारले जात होते. "दूध प्यायलात का?" "झोप झाली का?" "आप्पा, लघवी झाली का?" शेवटच्या प्रश्नाला आप्पा भिंतीकडे तोंड करून "झाली" म्हणत. संध्याकाळी गुंडीचे वडील त्यांच्या पाठीला कान लावून बसत. एकदा गुंडीशेजारी कुशीवर पडलेल्या आप्पांनी न वळताच विचारलं, "काय म्हणतंय इंजीन?"

"सुरेख चाललंय, आप्पा," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

तेवढ्यात पलंगावर कुणीतरी शिंकलं. आप्पा ताडकन उठून बसले. "ऐकलंत? पोरगी शिंकली! अरे, बघत काय बसलाय, डॉक्टरबाईंना फोन लाव!"

"आप्पा, एकच शिंक आहे ती."

"एक असली म्हणून काय झालं? रिक्षा बोलाव आधी!"

"थांबा," गुंडीची आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिने गुंडीकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, पुन्हा गुंडीकडे पाहिलं. "आधी मला नक्की सांगा, शिंकलं कोण?"