ऐंशी टक्क्यांचा नळ

काशम्माचा नळजोडणीचा अर्ज सात रस्ता चौकाजवळच्या पाणीपुरवठा कार्यालयात ब्याण्णव दिवस पडून होता. जोडणी सात दिवसांत देण्याचा नियम होता आणि तो तिथल्या भिंतीवर लावलेला होता. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली काशम्मा तोवर पलीकडच्या गल्लीतून पाणी आणत होती.

एके दिवशी शेजारची वैष्णवी तिच्यासोबत गेली. वैष्णवी कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत आहे हे कळल्यावर अधिकारी आबासाहेबांनी विचारलं, "तितं काय करता तुमी?"

"सिग्नल शून्यावरून एकवर जायला किती वेळ घेतो, ते मोजून तक्ते बनवते."

"सगळा वेळ मोजता?"

"नाही सर. सुरुवातीला आणि शेवटी सिग्नल रेंगाळतो. म्हणून वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंतच मोजतो."

आबासाहेबांनी पेन खाली ठेवलं. रेंगाळण्याला शास्त्रात अशी सूट असल्याचं एकोणतीस वर्षांच्या सेवेत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी परिपत्रक निघालं: प्रत्येक कामाचा पहिला व शेवटचा पाचवा हिस्सा कालमापनातून वगळण्यात येत आहे. अर्ज घेणं, हरवणं आणि सापडणं पहिल्या हिश्शात गेलं. जोडणीची सरासरी साडेचार दिवसांवर आली. मग, जे मोजत नाहीत ते करायचं कशाला, असा रास्त प्रश्न कर्मचाऱ्यांना पडला.

काशम्माच्या तोटीपर्यंत पन्नास फूट पाइप लागणार होता. चाळिसाव्या फुटावर माणसं कुदळी घेऊन निघून गेली. फाइलवर शेरा पडला: जोडणी पूर्ण.

"सर, मोजतो मधलंच," वैष्णवी कळवळून म्हणाली, "पण त्यावरून पूर्ण वेळ काढतो. आणि सिग्नल शेवटपर्यंत पोचतोच!"

"पोचतोय न्हवं? मग पाणी बी पोचंल की."

"सायेब," काशम्मानं विचारलं, "जेवताना बी ऐंशी टक्क्याला ताटावरनं उठता का वो?"

"चिडू नका आज्जी. उरलेल्या दहा फुटांसाठी नवा अर्ज करा."

केला. आठ फूट मिळाले. पुन्हा केला. चौथ्या अर्जानंतर पाइप आणि तोटी यांच्यात बोटभर अंतर उरलं. पाचवा अर्ज मात्र नामंजूर झाला. काशम्माच्या एका घरात चार जोडण्या पूर्ण झाल्याची नोंद होती आणि त्याहून जास्त देणं हा इतर नागरिकांवर अन्याय ठरला असता.

‘नळजोडणी आता साडेचार दिवसांत’ ही बातमी छापून आली. तुम्हीही ती कौतुकानं तीन ग्रुपवर पाठवलीत. काशम्माचं म्हणणं शेवटच्या दोन ओळींत होतं. तुम्ही वाचत तिथवर गेला नव्हतात.