हसल्यास पडणाऱ्या इसमाची तपासणी

पणजोबा ग्यानोबा कचेरीत कधी हसले नाहीत. आजोबा केरबा रेशनकार्डासाठी अकरा वर्षे रांगेत उभे राहिले, तेही गंभीरपणे. वडील मारोती स्वतःच्या मृत्यूची नोंद खोडायला गेले, तेव्हाही त्यांच्या ओठाची कड हलली नाही. अशा खानदानी घराण्यात उमरीच्या एका कचेरीतला कारकून वैजनाथ जन्मला, आणि हसू लागला.

त्याला दिवसा अनावर झोप येई. कचेरीत ते कोणाच्या लक्षातही आले नाही. पण हसला की तो कोसळे. मोठ्या डॉक्टरांनी सांगितले, हसू येताच याचा मेंदू स्नायूंचा दोर सोडून देतो. बोट हलत नाही, शुद्ध मात्र पुरी असते. साहेबांनी त्याला फरशीवर पाहून नोटीस काढली : ‘कामाच्या वेळी निद्रा. सोमवारपर्यंत वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे, अन्यथा नोकरी समाप्त.’ इतर सर्व खुर्चीत झोपत, म्हणून ते नियमात होते.

सोमवारी वैद्यकीय मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “पडून दाखवा.”

बायको रेणुका म्हणाली, “सायब, हसल्याबिगर पडत न्हाईत हे.”

“मग हसवू. चंद्रप्पा, मंजूर विनोद काढा.”

हेडक्लार्क चंद्रप्पा पूर्वी उमरीत वैजनाथच्याच शेजारी बसत. त्यांनी ओळख न दाखवता फाईलची दोरी सोडली. “विनोद क्रमांक एक. सदर इसम केळीच्या सालीवरून घसरला. सालीचा पंचनामा सोबत जोडला आहे.”

तीन पिढ्या आड आल्या. वैजनाथ हसला नाही. अध्यक्ष ‘आजार आढळला नाही’ असे लिहू लागले.

“त्यो अर्जाचा फारम तरी वाचा की!” रेणुका कडाडली.

चंद्रप्पांनी वाचले, “अर्जदाराने पडलेल्या अवस्थेत, उभे राहून, सही करावी.”

वैजनाथ खदखदला आणि धाडकन कोसळला.

“उत्तम! करा सही.”

वैजनाथला सगळे ऐकू येत होते. बोट हलेना.

“दोन मिन्टं थांबा की, उठतेत.”

“उठला म्हणजे बरा झाला, बाई. बऱ्या माणसाला कसलं प्रमाणपत्र?”

तेव्हा शाईचे पॅड घेऊन चंद्रप्पा उठले. “अंगठ्याला मनाई न्हाई, सायब.” ते खाली वाकले आणि वैजनाथच्या कानाशी पुटपुटले, “उमरीच्या कचेरीत तपासणी आली, त्या दिवशी मी घोरत होतो. खुर्चीसकट ढकलत नेऊन हजेरीच्या मशीनवर माझा अंगठा तूच टेकवलास. याद हाय मला.”

लुळा अंगठा पॅडवर दाबला, अर्जावर टेकवला. प्रमाणपत्रावर शिक्का बसला.

“हिसाब बेबाक, वैजनाथा.”

अंगठ्याचे ऋण अंगठ्याने पुरते फिटले. ज्यांना हे बेकायदा वाटले, त्यांनी आपला अंगठा आजवर कोणी कोणी धरून कुठे टेकवला ते आठवावे. आणि त्या वेळी आपण खरोखरच झोपलो होतो का, तेही सांगावे.