रुमाल टाकलेली खुर्ची

माझा सॅक्सोफोन जरा रंगात आला की सिद्रामअप्पा घंटी मारतात. एकदाच. म्हणजे गाडी थांबवा.

अप्पा जन्मभर एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या बाजारातून एक घंटी पैदा केली आणि दोरीसकट आमच्या स्टेजवर टांगली. एक घंटी म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे सुटा. दोरीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बँडमध्ये दोन तरुण गिटार आणि कीबोर्डवर, सात रस्ता चौकात चष्म्याचं दुकान चालवणारा मी सॅक्सोफोनवर, आणि अप्पा संबळावर. गावच्या गोंधळ्यांमागं हिंडून ते लहानपणीच संबळ शिकले होते.

जॅझ म्हणजे काय, हे मी त्यांना पहिल्या दिवशी घसा सुकेपर्यंत समजावलं. ऐकून घेऊन अप्पा म्हणाले, "म्हंजे रूट न ठरलेली गाडी. फिरवा कुटंबी, पर डेपोला परत आली पायजे." इतकी चांगली व्याख्या मी कुठं वाचलेली नाही. त्यांना मात्र हे सांगितलेलं नाही. आधीच घंटी त्यांच्या हातात.

बँडची मूळ कल्पनाही त्यांचीच. गोंधळात देवांना नावं घेऊन बोलावतात, अप्पा मनानं दमलेल्या माणसांना बोलावतात. "झोप न येणारी, या. उगंच रडू येणारी, या. डॉक्टरकडं जायला लाजणारी, तुमीबी या. पुढं सरका, जागा हाय." मग संबळाचा असा काही ठेका सुटतो, आणि त्यात माझा सॅक्सोफोन असा घुसतो, की हाताची घडी घालून बसलेली माणसंसुद्धा ताल धरतात. एमआयडीसीतल्या कामगारांपुढं वाजवलं, तर कार्यक्रम संपल्यावर लोक अप्पांना घेरून आपापल्या घरातलं बोलू लागले. 

सगळ्यांना "जागा हाय" म्हणणारा हा माणूस पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर मात्र रुमाल टाकून ठेवतो. खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसा. एका कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांनीच तो रुमाल बाजूला केला आणि ऐसपैस बसले. अप्पांनी चालू गाण्यात घंटी मारली आणि पाहुणे उठेपर्यंत संबळाला हात लावला नाही.

परतताना टेम्पोत मी भडकलोच. कुणासाठी हा हट्ट, म्हणून विचारलं. अप्पा बाहेर बघत म्हणाले, "तुमच्या काकूची जागा हाय ती. येती का न्हाय, ठाव न्हाय. पर आली आन् जागाच न्हाय मिळाली तर?"

काकूंचं, म्हणजे अप्पांच्या बायकोचं, मन फार दिवसांपासून खचलेलं. औषधं चालू होती, पण बाई उंबरा ओलांडत नव्हत्या. आमचा सराव अप्पांच्याच घरी का, आतलं दार उघडंच का ठेवायचं, आणि सगळं वाजवून झाल्यावर अप्पा आमच्याऐवजी त्या दाराकडं का बघतात, ते मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. घंटीचा रागही गेला, बराचसा.

मग गेल्या महिन्यातला नवी पेठेतला कार्यक्रम. सभागृह गच्च भरलेलं, आम्ही सगळे जोरात. अप्पा बोलावत होते, "पुढं सरका, जागा..." आणि मध्येच गप्प झाले.

दारातून शेजारणीचा हात धरून काकू येत होत्या. गर्दी बघून त्या थबकल्या. आता मागं फिरतात की काय, असं मला वाटलं. पण त्या भिंतीच्या कडेकडेनं पुढं आल्या, रुमाल उचलला, त्याची घडी घालून मांडीवर ठेवला आणि बसल्या.

अप्पांच्या हातातल्या काठ्या तशाच वर राहिल्या. 

काकू हळूच म्हणाल्या, "थांबलासा का? सोडा की गाडी."

अप्पांनी दोरीकडं हात नेला, पण डोळे इतके भरले होते की दोरी काही सापडेना. शेवटी मीच पुढं झालो आणि ती दोनदा ओढली.