सौनातली तिजोरी

शेजारच्या कालेर्वोची लाकडी सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, जळून खाक झाली आणि झोप उडाली ताउनोची. त्याला घोर लागला तो एकाच वस्तूचा, बायकोच्या, औनेच्या, आईच्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकाचा. पहिल्या पानांवर चार पिढ्यांचे जन्ममृत्यू लिहिलेले. रोज सकाळी त्यातलं एक गीत म्हटल्याशिवाय औने कॉफीला तोंड लावत नसे.

"ते जळालं तर तुझ्या आईला वर गेल्यावर काय तोंड दाखवू?"

"तिला तुझं तोंड आधीही फारसं आवडत नव्हतं," औने हळूच म्हणाली.

दुकानदाराने तिजोरी दाखवली. "आगीत तासभर टिकते."

"आणि दुसऱ्या तासाला?"

दोन तास टिकणारी होती, पण वजन दुप्पट. ताउनोने तीच घेतली. झोपायच्या खोलीत ठेवली तर जमिनीच्या लाकडी फळ्या कण्हू लागल्या. सिमेंटची जमीन घरात एकाच ठिकाणी होती, मागच्या सौनात.

"अरे, आग लागते ती सौनातच लागते," औने म्हणाली.

"म्हणूनच तर. जिथे आग लागणारच नाही, तिथे असली तिजोरी काय कामाची?"

यावर औनेने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. ताउनोने पुस्तक आत ठेवलं, एक किल्ली खिशात टाकली, दुसरी तिला दिली आणि त्या रात्री पाठ टेकताच घोरू लागला.

शनिवारी बिनसौनाचा कालेर्वो अंघोळीला आला. भट्टी रसरसली, तिजोरीची मूठ हाताला चटका देऊ लागली, आणि ताउनोच्या डोक्यात प्रकाश पडला. तिजोरी टिकणार दोन तास, आपण वाफ घेणार दोन तास. म्हणजे दर शनिवारी पुस्तकाला एक आग.

पुढच्या शनिवारी त्याने भट्टीत मोजून चार ढलप्या घातल्या. कालेर्वोने वाफेसाठी भट्टीवरच्या दगडांवर पाणी मारलं. ते चुरचुरलंही नाही, नुसतं ओघळलं.

"ताउनो, आपण अंघोळीला बसलोय की लोण्यासारखे थंडाव्याला?"

"आत पुस्तक आहे."

"मग त्याला तरी बाहेर काढ, नाहीतर मला."

आणि कालेर्वो अंग न भिजवता, निरोप न घेता घरी गेला. कोमट सौनातून शेजारी उठून जावा, याहून मोठी नामुष्की त्या गावात नव्हती. ताउनो बाकावर विचार करत बसला. एकीकडे जिवंत शेजारी, दुसरीकडे स्वर्गवासी सासू. शेवटी जड मनाने त्याने तिजोरी उघडली.

आत पुस्तक नव्हतं. फडक्याखाली पावाचं पीठ छान फुगून आलं होतं.

"औने! पुस्तक कुठंय?"

"खिडकीत. नेहमीच्या जागी."

"कधीपासून?"

"तू ठेवलंस त्याच्या दुसऱ्या सकाळपासून. गीत म्हणायचं होतं ना मला."

"आणि मला बोलली नाहीस?"

औनेने फडकं उचलून पिठावर बोट टेकवून पाहिलं. "किती दिवसांनी तुला झोप लागत होती. म्हटलं, ती तरी जपावी."

ताउनो बाहेर जाऊन लाकडांचा भारा घेऊन आला. मग त्याने भट्टीत लाकडं ठासून भरली आणि कालेर्वोला परत बोलवायला निघाला.

"तिजोरी लावून जा," औने मागून म्हणाली. "अजून एक घाणा फुगायचाय."